प्रवासीपण आणि उपरेपण : चवदार तळ्याच्या काठावरून ख्रिस्ती आत्मत्यागाचा विचार

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात दोन कल्पना बहुधा जोडीनेच येतात. एक आत्मत्यागाची आणि दुसरी प्रवासीपणाची. श्रद्धावंताने आपले 'मी'पण सोडावे आणि आपला वधस्तंभ उचलावा, ही पहिली. हे जग त्याचे कायमचे घर नव्हे, तो येथे रात्रीपुरता वस्तीला उतरलेला वाटसरू आहे, ही दुसरी. उपदेशपर निबंध, भजने, आत्मचरित्रे या सर्व प्रकारांत या कल्पना इतक्या रुळल्या आहेत की, त्या कोणी उच्चारल्या आणि कोणाला उद्देशून उच्चारल्या, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. सिद्धांत म्हणून त्या सर्वांना सारख्याच लागू आहेत, असे गृहीत धरले जाते.

वस्तुतः त्याग ही क्रिया सकर्मक आहे. ज्याच्यापाशी काही आहे त्यालाच ते सोडता येते. त्याचप्रमाणे घर ज्याचे मान्य झाले आहे, त्यालाच 'हे माझे घर नव्हे' असे म्हणण्यात काही अर्थ असतो. ज्याला गावाने कधी आपले म्हटलेच नाही, त्याला 'तू येथे प्रवासी आहेस' असे सांगणे म्हणजे त्याच्या वाट्याला आलेल्या स्थितीलाच धर्माची मान्यता देणे ठरू शकते. ख्रिस्ती प्रवासीपणाच्या कल्पनेचा मराठी इतिहास तपासताना हा भेद डोळ्यांआड करता येत नाही. तो तपासण्यासाठी ख्रिस्ती परंपरेबाहेरचे एक स्थळ उपयोगी पडते. ते स्थळ म्हणजे महाडचे चवदार तळे. २० मार्च १९२७ रोजी तेथे जे घडले त्यात ख्रिस्ती धर्माचा प्रत्यक्ष संबंध नव्हता. तथापि घर, पाणी, त्याग आणि परकेपण या चार गोष्टींचा परस्परसंबंध आधुनिक महाराष्ट्रात इतक्या स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच मांडला गेला असेल.

२

प्रवासीपणाची ख्रिस्ती कल्पना मुळात रूपक नव्हती, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात आशिया मायनरमधील विखुरलेल्या श्रद्धावंतांना 'प्रवासी' आणि 'परदेशवासी' असे संबोधिले आहे. त्यामागील 'पारोइकोस' हा ग्रीक शब्द त्या काळच्या नगरव्यवस्थेत एका विशिष्ट दर्जाचा वाचक होता. पारोइकोस नगरात राहत असे, तेथे श्रम करी, त्याच्यावर करांचा व चाकरीचा भार असे. परंतु नागरिकाचे हक्क त्याला नसत. जॉन एलियट या अमेरिकन अभ्यासकाने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, हे पत्र ज्यांना लिहिले गेले ती माणसे खरोखरीच अशी हक्कहीन रहिवासी होती, आणि बेघरांना घर देणे हेच त्या पत्राचे कार्य होते. या मताविषयी विद्वानांत वाद आहे. परंतु त्यातील मूळ सूचना मोलाची आहे. 'तुम्ही परके आहात' हे वाक्य त्या वाचकांना त्यांच्या स्थितीची समजूत घालण्यासाठी सांगितलेले नाही. परकेपणाची नामुष्की ज्यांना रोज सोसावी लागत होती, त्यांना त्या नामुष्कीतच एक प्रतिष्ठा आणि एक नवे कुटुंब मिळत असल्याची ती ग्वाही आहे.

जुन्या करारात या कल्पनेला आणखी एक बाजू आहे. लेवीय नियमशास्त्र परक्याला छळू नये असे बजावते आणि त्याचे कारणही देते : इस्राएल लोक स्वतः मिसर देशात परके होते. येथे परकेपणाची आठवण मन जगापासून काढून घेण्यासाठी दिलेली नाही. ती शेजारच्या परक्याच्या हक्कासाठी दिलेली आहे. 'मी प्रवासी आहे' या जाणिवेतून 'म्हणून याला पाणी मिळाले पाहिजे' हा निष्कर्ष निघावा, अशी ही रचना आहे.

पुढे ख्रिस्ती समाज रोमन साम्राज्यात स्थिरावला, चौथ्या शतकात त्याला राजाश्रय मिळाला, आणि प्रवासीपण हळूहळू रूपक बनले. शब्दाच्या इतिहासातच याची खूण उरली आहे. 'पारोइकिया' म्हणजे परक्यांची वस्ती. त्याच शब्दापासून पुढे 'पॅरिश' हा शब्द आला, आणि त्याचा अर्थ झाला स्थिरस्थावर, सीमा आखलेला, धर्मगुरूच्या अधिकाराखालचा प्रदेश. घर असलेल्यांनी बेघरांची भाषा उचलली. त्यात ढोंग होते असे नव्हे. परंतु एकच शब्द आता दोन भिन्न अनुभवांना वापरला जाऊ लागला.

मराठीत ही रूपकपरंपरा एकोणिसाव्या शतकात आली. जॉन बन्यनच्या १६७८ मधील रूपककथेचे हरि केशवजी यांनी केलेले भाषांतर १८४१ मध्ये 'यात्रिक क्रमण' या नावाने प्रसिद्ध झाले. हे शीर्षक विचारात घेण्यासारखे आहे. मराठी मनाला यात्रा नवी नव्हती. परंतु मराठी वारकरी पंढरीला जातो आणि परत येतो. त्याचे शेत, त्याचा संसार, त्याचे गाव त्याची वाट पाहत असते. वारीचे वर्तुळ घराशी पूर्ण होते. बन्यनचा यात्रिक मात्र विनाशाचे नगर, बायकामुले मागे टाकून निघतो आणि त्या नगरात पुन्हा येत नाही. एकाच 'यात्रिक' शब्दात दोन वेगळ्या भूगोलांची सरमिसळ झाली. आणि वारीच्या वर्तुळातही चोखामेळ्याच्या वंशजांना देवळाच्या पायरीशीच थांबावे लागत होते, ही गोष्ट त्या सरमिसळीत झाकली गेली.

३

या परंपरेतील सर्वांत तेजस्वी उदाहरण अर्थातच नारायण वामन टिळकांचे. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात करजगाव येथे जन्मलेल्या या चित्पावन कवीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ज्ञाती, आप्त, मान आणि काही वर्षे पत्नीचा सहवास एवढे सारे त्या एका दिवसाने हिरावून घेतले. अमेरिकन मराठी मिशनची अनेक वर्षे सेवा केल्यावर १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतनही सोडले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावून घ्यावेत, अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबाराचे स्वप्न अपुरे राहिले.

टिळकांच्या आत्मत्यागाचा अस्सलपणा वादातीत आहे. परंतु त्याचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. ते वरून खाली उतरणाऱ्याचे आत्मार्पण आहे. संन्यास ही हिंदू परंपरेतील उच्चवर्णीयाला उपलब्ध असलेली, प्रतिष्ठा असलेली वाट होती. टिळकांनी तिला ख्रिस्ताच्या चरणांशी नेऊन भिडविले. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, ही त्यांची धारणा प्रसिद्धच आहे. जो सर्व काही सोडतो, त्याला सोडण्यापूर्वी ते सर्व मिळालेले होते, एवढेच येथे अधोरेखित करावयाचे आहे.

लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त याच त्यागाची दुसरी, अधिक मूर्त बाजू दिसते. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेत सिद्धांताची भाषा जवळजवळ नाही. तेथे आहे ते सोवळे, स्वयंपाक आणि पाणी. पतीच्या ख्रिस्ती संसारात परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले पाणी वेगळे ठेवले होते. हा जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःशीच घातला आणि तो माणसाचाच असल्याचे उत्तर मिळताच त्यांनी सर्वांच्या हातचे खाण्यापिण्यास प्रारंभ केला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या बाबतीत आत्मत्यागाचा खरा क्षण बाप्तिस्म्याच्या पाण्याआधीच, पिण्याच्या पाण्याच्या भांड्याशी येऊन गेला होता, असे म्हणण्यास 'स्मृतिचित्रे' आधार देतात. 'मी'पण म्हणजे काय, हे अमूर्तपणे सांगणे कठीण. लक्ष्मीबाईंच्या कथेत ते अगदी ठोस आहे : दुसऱ्याच्या स्पर्शाने माझे पाणी बाटते, ही समजूत म्हणजे 'मी'पण.

४

टिळक दांपत्य ज्या समाजात येऊन मिळाले, त्या नगर परिसरातील ख्रिस्ती समाजाची बहुसंख्या मात्र महार आणि मांग जातींतून आलेली होती. अमेरिकन मराठी मिशनचे नगरमधील कार्य १८३१ मध्ये सुरू झाले. शाळा, वसतिगृहे, दवाखाने यांमधून या समाजाला जे मिळाले त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. अक्षरओळख हीच मुळी तेथे मोठी घटना होती. परंतु प्रवासीपणाचा उपदेश त्यांच्या कानांवर पडला तेव्हा त्याचा अर्थ काय झाला असेल? ज्याची वस्ती गावाबाहेर, ज्याचे पाणी दुसऱ्याने वरून ओतलेले, ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला 'येथे तुझे काही नाही' हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नव्हती. गावाने ते त्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेच होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाचा विचार स्वतंत्रपणे केला. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवरील त्यांचे लेखन त्यांच्या हयातीत प्रकाशित झाले नव्हते. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात, १९८९ मध्ये, ते वाचकांसमोर आले. त्यातील एक युक्तिवाद येथे विशेष प्रस्तुत आहे. माणसाच्या दुःखाचे मूळ त्याच्या पापात आहे, अशी शिकवण मिळालेला धर्मांतरित आपल्या दुःखासाठी परिस्थितीला जबाबदार धरीत नाही. पूर्वी कर्मविपाकाने त्याला जे सांगितले होते, तेच वेगळ्या भाषेत त्याला पुन्हा ऐकावे लागते. परिणामी अन्यायाविरुद्ध उठण्याची प्रेरणा त्याच्या धर्मातून त्याला मिळत नाही. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूर येथे ख्रिस्ती समाजापुढे केलेल्या भाषणात त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयी आदर व्यक्त केला, आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध हा समाज झगडला नाही, ही खंतही बोलून दाखविली. त्यांचा आक्षेप ख्रिस्तावर नव्हता. आत्मत्यागाच्या शिकवणुकीचे हक्कहीन माणसाच्या मनात काय होते, यावर होता.

हा आक्षेप संपूर्णपणे न्याय्य आहे काय, याविषयी मतभेद संभवतात. मिशन शाळांतून शिकलेल्या अनेकांनी पुढे सामाजिक चळवळींत भाग घेतला, हेही खरे. परंतु व्यवहारात जे घडले ते आंबेडकरांच्या आक्षेपाला बळ देणारे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती दलितांचा या दोन्ही वेळी झाला नाही. जातीने त्यांना सोडले नाही आणि कायद्याने त्यांची जात ओळखली नाही. प्रवासी या शब्दाचा इतका कठोर अर्थ पेत्राच्या पत्राच्या वाचकांना मात्र तत्काळ समजला असता.

५

या पार्श्वभूमीवर महाडकडे वळले म्हणजे चवदार तळ्याचे महत्त्व ध्यानात येते. सीताराम केशव बोले यांच्या ठरावानुसार मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी लोक जमले, तेव्हा त्यांच्या पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे काही पावलांवर होते. २० मार्च रोजी परिषदेची मिरवणूक तळ्यावर गेली आणि आंबेडकरांसह सर्वांनी तेथील पाणी प्राशन केले. त्यानंतर हल्ला झाला. पुढे तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. त्यासाठी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतल्या गेल्या.

या प्रसंगातील एक विसंगती प्रवासीपणाच्या दृष्टीने मूलगामी आहे. परधर्मीयांना त्या पाण्याची बंदी नव्हती, याकडे आंबेडकरांनी स्वतः लक्ष वेधले होते. म्हणजे परका तेथे पाणी पिऊ शकत होता. पिऊ शकत नव्हता तो त्याच भूमीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला, तेथे राबलेला रहिवासी. येथे परकेपणाचे सारे गणित उलटे होते. खरा पारोइकोस बाहेरून आलेला नव्हता, तो आतला होता. अशा माणसाला पाण्यापर्यंत जाण्याची एक वाट अशीही असू शकली असती की, त्याने परधर्मी होऊन, म्हणजे एका अर्थाने पाहुणा होऊन, तळ्यावर जावे. महाडच्या सत्याग्रहाने ती वाट त्या वेळी नाकारली. पाणी तहानेसाठी हवे होते, पण केवळ तहानेसाठी नव्हे. आम्हीही माणसे आहोत आणि हे तळे सार्वजनिक आहे, म्हणून ते आमचे आहे, हे सिद्ध करावयाचे होते. पाहुण्याला मिळणारे पाणी यजमानाच्या मर्जीवर असते. नागरिकाचे पाणी कोणाच्या मर्जीवर नसते.

मग या घटनेत आत्मत्यागाला स्थान नव्हते काय? होते, आणि ते दुहेरी होते. मृत जनावरांचे मांस खाणे आणि गावात उष्ट्या तुकड्यांसाठी हात पसरणे सोडून द्यावे, असे आवाहन परिषदेने केले. हाही त्यागच, परंतु येथे ज्याचा त्याग करावयाचा ते 'मी'पण नव्हते. व्यवस्थेने लादलेले हीनपण हेच त्याज्य ठरले. ज्याला 'मी' म्हणण्याची मुभाच नव्हती, त्याच्या बाबतीत आत्मत्यागाचा पहिला अर्थ आत्म्याची प्राप्ती असा होतो. दुसरा त्याग संयमाचा. २० मार्चच्या हल्ल्यानंतर प्रतिकारास सज्ज असलेल्या आपल्या अनुयायांना आंबेडकरांनी आवरले. डिसेंबरमध्ये सत्याग्रहासाठी पुन्हा हजारो लोक महाडला जमले, तेव्हा १४ डिसेंबर १९२७ चा दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आड आला होता. २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, मिरवणूक निघाली, परंतु पाण्याला हात लावला गेला नाही. तहानलेल्याने काठावरून मागे फिरणे, आणि तेही पाण्यावरचा हक्क न सोडता, हा त्याग टिळकांच्या संन्यासाहून कमी अवघड म्हणता येणार नाही. तो न्यायालयाच्या मार्गाने पुढे जाऊन १७ मार्च १९३७ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालापाशी फलद्रूप झाला. पहिल्या घोटापासून या निकालापर्यंत दहा वर्षे गेली.

६

यावरून ख्रिस्ती आत्मत्याग आणि महाडचा हक्क यांत केवळ विरोधच आहे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु ते पुरेसे नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील एक प्रसंग येथे आठवावा. प्रवासाने थकलेला येशू शोमरोनातील एका विहिरीशी बसतो आणि पाणी भरावयास आलेल्या स्त्रीपाशी पाणी मागतो. यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, म्हणून ती स्त्री चकित होते. मराठी ख्रिस्ती प्रवचनांत या प्रसंगातील पुढच्या 'जिवंत पाण्या'वरच बहुधा भर असतो. परंतु आधी घडते ते साधे आहे : प्रवासी आपली शुद्धता बाजूला ठेवतो आणि ज्या भांड्याला शिवू नये त्या भांड्यातून पिण्याची तयारी दाखवितो. प्रवासीपण आणि आत्मत्याग या दोहोंचा येथे एकच अर्थ होतो, आणि तो वरच्याला उद्देशून आहे. लक्ष्मीबाईंनी आपल्या संसारात जे केले ते हेच. महाडच्या तळ्याभोवतीच्या घरांनी जे नाकारले तेही हेच.

आंबेडकरांच्या अखेरच्या ग्रंथात याचेच एक अनपेक्षित प्रतिबिंब आढळते. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची परंपरागत कथा, म्हणजे वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून आलेल्या वैराग्याची कथा, आंबेडकर स्वीकारीत नाहीत. त्यांच्या मांडणीनुसार शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो; सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो; संघाचा निर्णय त्याच्याविरुद्ध जातो; आणि तो स्वेच्छेने देशत्याग पत्करून परिव्राजक होतो. चवदार तळ्यावरच्या नेत्याने परिव्रज्येचे मूळ पाण्याच्या तंट्यात शोधावे, याला निव्वळ योगायोग म्हणणे कठीण आहे. येथे प्रवासीपण जगाच्या क्षणभंगुरतेतून जन्म घेत नाही. पाण्यासाठी माणसाने माणसाचा जीव घेऊ नये, या आग्रहातून ते जन्मते. परिव्राजक जगाकडे पाठ फिरवीत नाही; पाण्याचा न्याय काय, हा प्रश्न घेऊनच तो वाटेला लागतो.

दलित साहित्याने हा भेद नंतर आपल्या शब्दांत नोंदविला. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाचे शीर्षकच 'उपरा' असे आहे. गावोगाव फिरत्या कैकाडी कुटुंबातील या लेखकाने 'यात्रिक' किंवा 'प्रवासी' हे शब्द निवडले नाहीत, यात मराठी भाषेची सूक्ष्म समज आहे. प्रवासी स्वतः निघतो, उपऱ्याला ठरविले जाते. प्रवाशाला गंतव्य असते, उपऱ्याला केवळ पुढचा मुक्काम असतो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात या दोन शब्दांतील अंतर क्वचितच मोजले गेले. ते मोजले गेले असते, तर नगरच्या परिसरातील त्या हजारो धर्मांतरितांचे आध्यात्मिक चरित्र वेगळ्या रीतीने लिहिले गेले असते.

ख्रिस्ती आत्मत्यागाच्या मराठी इतिहासाला चवदार तळ्याने एक निकष पुरविला आहे. प्रवासीपणाचा उपदेश ज्याच्यापाशी तळे आहे त्याला केला, तर तो धर्म ठरतो, कारण तो त्याला काठावर जागा करून देण्यास सांगतो. ज्याला तळ्यापासून दूर ठेवले आहे त्याला केला, तर तो पंचगव्याच्या घागरींचेच काम वेगळ्या शब्दांत करतो. पेत्राचे पत्र, लेवीय नियमशास्त्र आणि शोमरोनातील विहीर या तिन्हींचा कौल पहिल्या बाजूने आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे पुनर्वाचन करणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच प्रत्येक अभंगाशी, प्रत्येक प्रवचनाशी एक साधा प्रश्न विचारावयास हवा : ही वाटसरूची भाषा बोलणारा तळ्याच्या कोणत्या बाजूला उभा आहे, आणि ऐकणारा कोणत्या?